पांढरीचा हिशेब

वैशाख सरत आला आणि मृगाचे वेध लागले, की मराठवाड्यातील गावांत एके काळी एक काम घरोघर चाले. गेल्या पावसाने धुऊन नेलेल्या मातीच्या जागी माळवदावर नवी पांढरी माती पसरायची, ती चोपून बसवायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतींच्या खाचा गाऱ्याने बुजवायच्या आणि मग आभाळाकडे पाहत स्वस्थ बसायचे. मानवतच्या जुन्या वस्तीत आज हे दृश्य क्वचितच दिसते. दिसते ते दुसरेच. यंत्राच्या एका धक्क्यासरशी कच्च्या विटांची भिंत बसते, धुळीचा लोट उठतो, सागाची तुळई आणि नक्षीची चौकट जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पोत घालून नेतो आणि उरलेली माती ट्रॉलीने गावाबाहेर जाते. थोड्याच दिवसांत तेथे सिमेंटचे खांब उभे राहतात. घरमालक समाधानी असतो. शेजारीपाजारी त्याचे अभिनंदन करतात. अशा प्रसंगी हळहळणारा मनुष्य बहुधा त्या घरात न राहणारा असतो. प्रस्तुत लेखकही सिमेंटच्या घरात राहूनच हळहळणाऱ्यांपैकी एक आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

या कबुलीमुळे प्रश्न मात्र मिटत नाही. जे घर पडले त्याला काही मोल होते काय? असल्यास ते कोणते, कोणाचे, आणि ते राखण्याचा खर्च कोणी सोसायचा? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या प्रश्नाकडे केवळ स्मरणरंजनाच्या दृष्टीने पाहून चालणार नाही.

वारसा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दगड उभा राहतो. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद रास्तच होता. आपल्या परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे, तर चारठाण्याच्या मंदिरांकडे आपण अभिमानाने बोट दाखवतो. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदाही निदान शंभर वर्षे टिकलेल्या वास्तूचाच विचार करतो. दगड टिकतो म्हणून तो वारसा. माती झिजते म्हणून तिला त्या पंक्तीत पाट नाही. राजांनी आणि देवांनी दगडाची घरे केली, रयतेने मातीची केली. त्यामुळे वारशाच्या आपल्या यादीत रयतेची नोंद जवळजवळ नाहीच.

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेने मात्र ही नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. जुन्या महसुली व्यवहारात गावाचे दोन भाग मानले जात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. हे केवळ रंगाचे वर्णन नव्हते. गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कापसाला ती आईसारखी. पण तिची भिंत घातली तर एका वर्षात फाटते. पांढरी चुनखडीची माती पिकाला फारशी उपयोगी नाही, पण भिंतीला चांगली. ती फुगत नाही, चिकटून बसते आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. मृदाशास्त्राची पुस्तके येण्यापूर्वी अनेक शतके इथल्या शेतकऱ्याला हा भेद ठाऊक होता. त्याने तो गावाच्या रचनेत उतरवला आणि एका शब्दात साठवून ठेवला.

या शब्दामागे किती काळ उभा आहे, याची कल्पना पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननाने येते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून सुमारे चौदा वर्षे तेथे काम केले. सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांचे अवशेष, त्यांच्या चुली आणि धान्याच्या साठवणीच्या जागा त्यांना तेथे मिळाल्या. महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे अशा मातीच्या जमिनी आणि कोसळलेल्या भिंती वाचूनच कळले आहे. गावोगावची पांढरीची टेकाडे म्हणजे घरावर घर, पिढीवर पिढी रचत गेलेली वसाहतच होय. दगडाचा इतिहास कोरून ठेवावा लागतो. मातीचा इतिहास आपोआप साचत जातो.

मराठवाड्यातील जुने घर याच परंपरेतले. निवडलेली माती भिजत घालून, तीत भुसा नि शेण मिसळून, ती पायांनी तुडवून मुरू द्यायची. तिचे भेंडे, म्हणजे कच्च्या विटा, पाडून उन्हात वाळवायच्या. त्यांची हात-दीड हात जाडीची भिंत रचायची. छपराचा भार मात्र बहुधा भिंतीवर नसे. तो सागाच्या किंवा बाभळीच्या खांबांवर आणि तुळयांवर असे. तुळयांवर लाकडी किलच, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाटीचा थर, वर लिंबाचा पाला आणि सर्वांवर मातीची जाड साय, असे माळवद तयार होई. दाराशी ढाळज, आत चौक, भिंतीत देवळ्या आणि कोनाडे, धान्यासाठी बळद. मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. तेथे व्यापाऱ्याच्या वाड्याला दगडी जोते आणि कोरीव दरवाजा मिळाला, हमालाच्या घराला तो मिळाला नाही. परंतु भिंतीतली माती आणि छपरातली पऱ्हाटी दोघांचीही एकाच शिवारातून आली.

अशा भिंतीचा गुण उन्हाळ्यात कळतो. परभणीचा पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा सिमेंटच्या पातळ स्लॅबखाली दुपारी भट्टी पेटते आणि रात्रीही ती विझत नाही. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते आणि आत पोचू देण्याआधीच संध्याकाळ गाठते. पंखा नसलेल्या काळात दुपारची झोप शक्य करणारे हे तंत्र होते. त्यासाठी वीज लागत नसे, बिलही येत नसे.

किंमत आणि मोल

येथे अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या घराला जागा फार थोडी. घरच्या माणसांनी घरच्या मातीने भिंत लिंपली, बाईने पहाटे उठून जमीन सारवली, तर त्या श्रमाचा पैसा कोठेही फिरत नाही; म्हणून तो उत्पन्नात धरला जात नाही. तेच घर पाडले, सिमेंट-लोखंड विकत आणले, ठेकेदाराला पैसे दिले, की तितका आकडा राष्ट्रीय उत्पन्नात मिळतो. फ्रेंच लेखक बास्तिया याने १८५० साली फुटलेल्या तावदानाचा दाखला देऊन अशा हिशेबातील फसगत दाखविली होती. तावदान बसविणाऱ्याची कमाई दिसते. त्या पैशातून जे दुसरे घेता आले असते, ते दिसत नाही. पडलेल्या मातीच्या घराचेही असेच आहे. मिळकत दिसते, गमावलेले दिसत नाही.

गमावलेल्यांत काय काय येते? पैशाचा गावातला फेरा येतो. मातीच्या घराची मजुरी गावातल्या गवंड्याला, सुताराला, वडाराला मिळे. सिमेंट आणि सळईचा पैसा त्याच दिवशी गाव सोडतो. सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण कर्बवायूच्या उत्सर्जनाचा सात-आठ टक्के भाग येतो, ही किंमतही गोणीवर छापलेली नसते. आणि सर्वांत मोठे नुकसान ज्ञानाचे. कोणत्या बांधावरची माती घ्यावी, ती किती दिवस मुरवावी, माळवदाला किती उतार द्यावा, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते हातांत आहे, आणि ते हात आता साठी-सत्तरीचे आहेत.

अशा घराला मोल असते हे आपल्याला मुळीच मान्य नाही असे नाही. वर्धेजवळच्या सेगाव या खेड्यात, ज्याचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले, महात्माजी १९३६ साली राहावयास आले. निवासाचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि साहित्य व मजूर गावचेच असावेत, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलू यांची बापू कुटी आजही तेथे उभी आहे. १९७८ साली तेथे भरलेल्या एका परिसंवादात इव्हान इलिच या विचारवंताने या कुटीवरच भाषण केले. सामानसुमान सांभाळण्यासाठी बांधलेले घर आणि माणसाने राहण्यासाठी केलेले घर यांतला फरक त्याने तेथे बसून मांडला. बापू कुटीपुढे आपण चपला काढतो. पण त्याच मातीचे, त्याच रीतीचे घर मानवतच्या गल्लीत असले, की ते दारिद्र्याचे लक्षण ठरते. याचा अर्थ एवढाच, की आपण मान दिला तो तिथे राहिलेल्या माणसाला. घराला दिलाच नाही.

सरकारी परिभाषेने या समजावर शिक्कामोर्तब केले आहे. मातीचे ते कच्चे, सिमेंटचे ते पक्के. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला घर बांधण्यासाठी एक लाख वीस हजार रुपयांचे अनुदान ठरले. भिंती नि छप्पर कच्चे असणे ही त्यासाठीची पात्रता. बेघराला आणि गळक्या झोपडीत राहणाऱ्याला या योजनेने छत दिले, त्याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. तथापि कच्चे या एकाच शब्दात पावसात वाहून जाणारी कुडाची खोपटी आणि चार पिढ्या नांदलेले माळवदी घर, दोन्ही बसतात. नव्यासाठी अनुदान मिळते. जुने दुरुस्त करण्यासाठी मिळत नाही. मग शहाणा मनुष्य काय करील? तो जुने पाडील. यात त्याचा दोष नाही. प्रलोभन जसे, तसे वर्तन. हे आम्ही वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतो.

किल्लारीची साक्ष

येथे वाचक थांबवून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरलात काय? गणपती विसर्जनाची रात्र उलटून लोक झोपले असताना किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. मराठवाड्यातला मनुष्य मातीच्या माळवदाविषयी बोलताना ही आठवण बाजूला ठेवू शकत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के परभणीतही जाणवले, तेव्हा जुन्या घरांतली माणसे अंगणात येऊन उभी राहिली. त्यांची भीती खोटी नव्हती.

परंतु साक्ष नीट ऐकावी लागते. तज्ज्ञांनी त्या ढिगाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा मुख्य दोष आढळला तो जाडजूड दगडी भिंतींच्या रचनेत. ओबडधोबड दगड मातीत बसवून दोन अंगांच्या भिंती उभ्या केलेल्या, मध्ये भर घातलेली आणि दोन्ही अंगांना जखडणारे आरपार दगड नाहीत. दुसरा दोष छपराचा. दर पावसाळ्यापूर्वी नवी माती पडत गेली, जुनी उतरविली गेली नाही आणि माळवदाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिले. म्हणजे परंपरेतील एक नियम पाळला गेला आणि दुसरा विसरला गेला. कारागिरी घसरली, लाकूड महागले, देखभालीचे शहाणपण आटले. आणि हे सारे होत असताना घर मात्र जुनेच राहिले. इराणमधील बाम येथील कच्च्या विटांच्या प्रचंड किल्ल्याची आणि शहराचीही २००३ च्या डिसेंबरात अशीच वाताहत झाली आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढल्याच वर्षी त्या अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोल आणि धोका एकाच भिंतीत असू शकतात, हा त्याचा धडा.

यावर उपाय नाहीत असे नाही. भारतीय मानक ब्युरोने त्याच १९९३ साली मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढविण्याविषयी मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. भिंतीची लांबी-उंची मर्यादित ठेवणे, दारे-खिडक्या अरुंद ठेवणे, भिंतींना सलग आडवा पट्टा देऊन कोपरे जखडणे, छप्पर हलके करणे, अशा त्यातील सूचना खेड्यातल्या गवंड्यालाही समजतील अशा आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ पासून चाललेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या कार्यातून थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांचे तंत्र पुढे आले. आवास योजनेसाठीही निरनिराळ्या प्रदेशांतील स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने ‘पहल’ या नावाने संकलित करण्यात आले आहेत. ज्ञान आहे, मानक आहे, नमुनेही आहेत. ते ग्रामसेवकाच्या टेबलापर्यंत आणि गवंड्याच्या हातापर्यंत पोचलेले नाहीत, एवढेच. जे घर धोक्याचे आहे ते उतरवलेच पाहिजे, याबद्दल दुमत नको. माणसाच्या जिवावर वारसा राखण्याची भाषा कोणी करू नये.

खर्च कोणी सोसायचा?

भूकंपाहून रोजचा एक आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो बायकांचा आहे. मातीचे घर म्हणजे दर आठवड्याचे सारवण, सणासुदीचा पोतेरा, उंदीर-घुशी, वाळवी, भिंतीतले विंचू, पावसाळ्यात रात्री उठून गळत्या जागी भांडी मांडणे. हे सारे कोणी केले? जमीन सारवून हात सोलून घेतलेल्या आजीला विचारा, ती फरशीच मागेल. शहरातल्या दिवाणखान्यात बसून तिला मातीचे गुण सांगणे हा उद्दामपणा होईल. सिमेंटची फरशी ही तिच्या दृष्टीने काही तासांची सुटका आहे, आणि काही तासांची सुटका ही अर्थशास्त्रात क्षुल्लक गोष्ट नव्हे.

प्रश्नाचा गाभा नेमका हाच आहे. वारशाचा लाभ सर्वांचा असतो: विद्यार्थ्याचा, संशोधकाचा, गावाच्या ओळखीचा, अजून न जन्मलेल्यांचाही. त्याचा खर्च मात्र एकाच कुटुंबावर, आणि त्या कुटुंबातही बहुधा एका स्त्रीवर पडतो. लाभ सार्वजनिक आणि खर्च खासगी असला, की अशी वस्तू बाजार राखत नाही. ती नष्ट होते. रस्ते, विहिरी, वाचनालये यांच्या बाबतीत आपण हे तत्त्व मान्य केले आहे. मग घरमालकाला नुसते जपा म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. जपावे असे वाटत असेल, तर वाटा उचलावा लागेल. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात जेन्ने या गावी मातीची भव्य मशीद आहे. दरवर्षी सारे गाव एकत्र येऊन तिला नव्याने लिंपते. म्हणूनच ती उभी आहे. तेथे वारसा भिंतीत जितका आहे तितकाच त्या सामुदायिक लिंपण्यात आहे.

आपल्याकडे हा वाटा कसा उचलता येईल? सर्व जुनी घरे राखणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पण काही गोष्टी थोड्या खर्चात होण्याजोग्या आहेत. पहिली, नोंद. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी शिबिरासाठी खेड्यांत जातात. त्यांनी एका हिवाळ्यात तालुक्यातील माळवदी घरांची मोजमापे, छायाचित्रे आणि जुन्या गवंड्यांचे बोल टिपून ठेवले, तर जे पडेल तेही सर्वस्वी हरवणार नाही. दुसरी, दुरुस्तीचे अनुदान. जे घर तपासणीत भक्कम ठरेल, त्याच्या मालकाला नव्या घराइतकीच मदत जुने घर बळकट करण्यासाठी मिळावी: छप्पर हलके करणे, भिंतींना पट्टा देणे, आत फरशी, न्हाणी आणि संडास बांधणे. घर मातीचे राहील, पण बाईचे हात मोकळे होतील. तिसरी, सवलत. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम आहेत. मानवतसारख्या नगरपरिषदेने तिच्या जुन्या वस्तीतील मोजक्या घरांची यादी करून त्यांना मालमत्ता करात सूट दिली, तर तिजोरी रिकामी होणार नाही. चौथी, शिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सिमेंटच्या बांधकामाचे धडे मिळतात. त्यांच्या जोडीला मातीकामाचा एखादा धडा, जुन्या गवंड्यालाच मानधन देऊन, का ठेवू नये?

आणि पाचवी गोष्ट पैशाची नाही, शब्दाची आहे. गरिबी मोजायची तर उत्पन्न मोजा, जागा मोजा, पाणी आणि संडास मोजा. भिंतीतला पदार्थ पाहून माणसाची पायरी ठरवू नका. कच्चे आणि पक्के हे शब्द जोवर साहित्यावरून ठरतात, तोवर मातीचे भक्कम घर हीन आणि सिमेंटचे निकृष्ट घर प्रतिष्ठित ठरत राहील. गावात असेही काही स्लॅब दिसतात, जे दहा-पंधरा पावसाळ्यांत गळू लागले आणि ज्यांच्या सळया उघड्या पडल्या. त्यांना कोणी कच्चे म्हणत नाही.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म अशाच एखाद्या घरात झाला आहे, किंवा आपल्या आईवडिलांचा झाला आहे. ते घर आपण सोडले, कारण सोडण्याची आपली ऐपत झाली. त्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. परतण्याचा आग्रह तर मुळीच नको. पण येत्या सुटीत गावी गेल्यावर ते घर अजून उभे असेल, तर एक दोरी घेऊन त्याच्या भिंतीची जाडी मोजावी, तुळया मोजाव्यात आणि ते बांधणाऱ्याचे नाव घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. राजांची नावे दगडावर आहेत. पांढरीवर ज्यांनी गाव उभे केले त्यांची नावे अजून काही म्हाताऱ्यांच्या स्मरणात आहेत, आणि तेही फार काळ असणार नाहीत.